वजन, कंबर आणि घरचं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी करायचं ठरलं की मराठी घरात आधी भात बंद होतो, मग तूप. चहातली साखर, फोडणीचं तेल आणि पाच वाजताचा चिवडा यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून ही उत्तरं घरच्या स्वयंपाकाला धरून लिहिली आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

माझं वजन जास्त आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

दोन मापं घ्या. पहिलं बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, आणि ६२ भागिले २.५६ म्हणजे २४.२. जगभर चालणाऱ्या तक्त्यात २५ च्या आतलं वजन ठीक मानतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा त्याच्या खाली आहे. २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या व्यक्तीला मोबाइलवरचं अॅप 'नॉर्मल' सांगेल, पण आपल्या मापाने तिने आताच लक्ष द्यायला हवं.

दुसरं माप कंबरेचं. दोन्हींतलं एकच घ्यायचं झालं तर मी हे घेईन. शिंप्याची टेप पुरते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं. हे आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी एवढं लक्षात ठेवा. पॅन्टचा नंबर मात्र धरू नका. पोट सुटलं की पॅन्ट पोटाच्या खाली बसायला लागते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

हातपाय बारीक आहेत, पोट तेवढं सुटलंय. तरीही काळजी करायची का?

हो, आणि हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. त्यावरचं मोलाचं काम पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. काट्यावर दोघं सारखे, आतून मात्र एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी.

याची सुरुवात जन्माआधीच होते, असं पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं स्नायूंत आणि अवयवांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचा वाटा जास्त, हा आपला वारसा आहे. त्यात एखाद्याचा काही दोष नाही.

पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मांड्यांवरच्या चरबीपेक्षा जास्त त्रास देते. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं, यकृतात चरबी साठते, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) वाढतात. देशभरात झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेह आणि लठ्ठपणाच्या पाहणीत (निष्कर्ष २०२३ मध्ये आले) बीएमआयने लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के होते, तर पोटाचा लठ्ठपणा असलेले ३९.५ टक्के. काट्यावर ठीक आणि टेपवर नापास अशी माणसं आपल्या आसपास किती असतील, याची यावरून कल्पना येते.

किती किलो कमी करायला हवं? आणि किती दिवसांत?

कॉलेजच्या दिवसांतलं वजन हे उद्दिष्ट ठेवू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के एवढ्यानेच रक्तदाब, साखर आणि यकृत यांच्यात फरक दिसू लागतो. ८० किलोच्या माणसासाठी हे ४ ते ८ किलो होतात. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशीच चाचणी केली. तिच्यात प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजनात फारशी घट न होता. त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांना मी हा चेन्नईचा आकडा नेहमी सांगते.

वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तर त्यात बरंचसं पाणी असतं. फार झपाट्याने वजन उतरवलं की स्नायू झडतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

पोळी बंद करून भाकरी सुरू केली तर वजन उतरेल का?

केवळ तेवढ्याने उतरेलच असं नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, नाचणी, कुठलंही धान्य घ्या, १०० ग्रॅममागे ऊर्जा साधारण ३२० ते ३६० कॅलरी. चोथाही न चाळलेल्या कणकेत आणि ज्वारीत जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो आकाराने आणि तेलाने. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, चांगल्या थापलेल्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ. म्हणून 'दोन पोळ्या खात होतो, आता दोन भाकऱ्या खातो' असं कुणी म्हणालं की धान्य दुप्पट झालेलं असतं. उलट भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, सोबत पिठलं, उसळ, पालेभाजी, कांदा येतो, आणि एका भाकरीत पोट भरतं. घडीच्या पोळीला घडीघडीत तेल लागतं. एक भाकरी आणि वाटीभर उसळ हे जेवण मला तीन पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीपेक्षा कितीतरी बरं वाटतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तो वेगळा फायदा.

भात सोडावा का? कोकणातल्या माणसाने तर काय करायचं?

भात सोडायची गरज नाही. भाताचा डोंगर आणि त्यावर पळीभर पातळ आमटी, हे प्रमाण बदलायचं. शिजलेल्या भाताची एक वाटी, दीड वाटी घट्ट वरण किंवा उसळ, बांगडा किंवा तारली असेल तर तेलात तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजून, आणि भाजी. पोळी आणि भात दोन्ही हवेत तर दोन्हींचा वाटा निम्मा करा. मुख्य गोष्ट अशी की भात आधी संपतो आणि मग आमटीसाठी पुन्हा भात घेतला जातो. तो दुसरा भात थांबला तरी बरंच काम होतं.

मग ताट कसं वाढायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यात ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या आणि फळं यांना दिलाय. आपण दिवसभरातल्या उष्मांकांतले ५० ते ७० टक्के धान्यांतून घेतो, ते ४५ टक्क्यांच्या आसपास आणावेत असं ती सांगते. ही शिफारस आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. मराठी ताटात डावी बाजू होतीच. फक्त कोशिंबीर चमचाभर झाली, पालेभाजी आठवड्यातून एकदा आली आणि उजवीकडच्या पोळ्या वाढत गेल्या.

ताटाकडे पाहून एवढं तपासा. भाजी आणि कोशिंबीर मिळून धान्यापेक्षा जास्त दिसतात का? उसळ, वरण, पिठलं, दही, अंडं, मासे, चिकन यांपैकी काहीतरी वाटीभर आहे का? बटाटा आणि साबुदाणा भाजीत मोजू नका. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि भाजीचे चार घास घ्या, भूक त्यावर शमू द्या, मग पोळी मोडा. लोणचं आणि पापड रोज लागत असतील तर मीठही वाढतं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा मीठ पुरे आहे.

शाकाहारी घरात प्रथिनं कमी पडतात, ही माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही भारतीयांसाठीची शिफारस आहे. ६० किलोच्या व्यक्तीला ५० ग्रॅम झाले. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून थोडी जास्त लागतात. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच मिळतात. मटकीच्या किंवा चवळीच्या घट्ट उसळीत सात-आठ, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण साडेसहा. दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, एकदा दही, आणि नाश्त्याला पोह्यांऐवजी आठवड्यातून तीन दिवस मुगाचं धिरडं किंवा मोडाचं काहीतरी, एवढं केलं तरी भरपाई होते. पोहे करायचेच असतील तर त्यात मटार, मोड आलेली मटकी भरपूर घाला आणि पोहे निम्मे घ्या.

तेल किती वापरावं? आम्ही तर तळलेलं खातच नाही.

चमच्याने मोजण्यापेक्षा महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत बघा. घरात चार मोठी माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल आलं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. तीन लिटरमध्ये भागवलं तर २३ ग्रॅम, २०० च्या थोड्या वर. रोज माणशी सव्वाशेच्या पुढे कॅलरी कमी झाल्या, आणि कुणाला एक घासही कमी खावा लागला नाही. तूप, लोणी आणि बाहेरच्या फरसाणातलं तेल यात धरलेलं नाही.

तळण नसलं तरी तेल जातं कुठे? फोडणीत डब्यातून थेट धार सोडण्यात. वांग्याच्या भाजीवर तर्री दिसायला हवी या आग्रहात. थालीपिठाच्या भोकात दर वेळी सोडलेल्या चमच्यात. शेंगदाण्याच्या कुटात, ओल्या-सुक्या खोबऱ्याच्या वाटणात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह, सगळ्यांत सारख्याच. घाण्याचं तेल चवीला आणि वासाला छान असतं, पण त्याने चरबी कमी साठत नाही. तुपाचंही तसंच. वरणभातावर एक छोटा चमचा तूप खुशाल घ्या, त्याच्या ४५ कॅलरी होतात. त्याच जेवणात तेलात न्हालेली भाजी नको.

चहा सोडवत नाही.

चहा सोडू नका, साखर मोजा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम साखर चहातूनच गेली. पोषण संस्थेची मर्यादा दिवसभरात २० ते २५ ग्रॅमची आहे, आणि तिच्यात शिरा, लाडू, बिस्किटं सगळं आलं. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ जुळवून घेते. गुळाचा चहा आता गल्लोगल्ली मिळतो. गूळ म्हणजेही साखरच, वजनाच्या हिशेबात फरक नाही. आणि चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं यांच्यात मैदा आणि वनस्पती तूप असतं. एकवेळ चहात साखर राहू द्या, पण खारी आधी सोडा, असं मी म्हणेन.

मी आठवड्यातून दोन उपास करते, तरी वजन वाढतंच आहे.

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा हा एका कंदाचा निव्वळ पिष्ट भाग, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. त्यावर दाण्याचा कूट, बटाटा आणि तूप घालून केलेल्या खिचडीची भरलेली बशी सहज ५०० ते ६०० कॅलरींची होते. वर वेफर्स, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. श्रद्धेने उपास करणाऱ्या बाईला उपास सोडा असं सांगणं मला पटत नाही. उपासालाच चालणारे चांगले पदार्थ भरपूर आहेत. वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, दही, ताक, फळं. राजगिऱ्यात प्रथिनं चांगली असतात. खिचडी हवीच असेल तर एक वाटी घ्या आणि बरोबर वाटीभर दही घ्या. मुख्य म्हणजे उपास सोडताना दुसऱ्या दिवशीचं गोडाधोडाचं जेवण आवरतं ठेवा.

दोन वेळाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं?

महाराष्ट्रात हा वाद घरोघरी झालाय. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली दोनदाच जेवण्याची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेली. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने खाणं आणि घरचं, स्थानिक, हंगामी अन्न यांचा आग्रह धरला. दोन्ही वाटांनी बारीक झालेली माणसं तुम्हाला भेटतील, कारण दोन्हींत अध्येमध्ये तोंडात टाकलं जाणारं फरसाण, बिस्किटं आणि शीतपेयं सुटतात.

जेवणाच्या वेळा आवळल्याने वेगळी काही किमया होते का, हे चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर तपासलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याने दिवसभरात कधीही. कॅलरी दोघांनाही सारख्याच कमी करून दिल्या होत्या. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून वेळापत्रक आपल्या कामाला आणि भुकेला सोसेल ते घ्या. दोनदाच जेवणाऱ्याने त्या दोन जेवणांत भाजी आणि प्रथिनं भरपूर घ्यायची, आणि वारंवार खाणाऱ्याने दर खेपेला मूठभरच घ्यायचं. एक सक्त इशारा: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या मनाने जेवण गाळू नका. साखर अचानक उतरून घेरी येऊ शकते, बेशुद्धीही येऊ शकते.

रोज चालते, तरी वजन का उतरत नाही?

कारण चालण्यात जेवढं खर्च होतं त्याहून जास्त आपण धरतो. ७० किलोच्या माणसाने ४५ मिनिटं झपझप चालून साधारण २०० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. सकाळी टेकडी चढून येताना खाली मिसळ झाली की हिशेब उलटा होतो.

असं असलं तरी चालणं सोडू नका. वजन उतरवण्याचं निम्म्याहून जास्त काम ताटात होतं, पण उतरलेलं वजन टिकतं ते हालचालीमुळे. शिवाय काटा तोच राहिला तरी पोटातली चरबी, रक्तदाब आणि साखर यांच्यावर चालण्याचा चांगला परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही. रोज १०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. ७-८ हजार पावलांनीही भरपूर फायदा होतो.

त्याच संघटनेच्या शिफारशीतला दुसरा अर्धा भाग आपण विसरतो: आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आपल्या अंगात स्नायू मुळातच कमी, म्हणून हा भाग आपल्याला जास्त लागू आहे. जिमच हवी असं नाही. बैठका, जोर, भिंतीला हात टेकून अर्धे जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिना. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेले सूर्यनमस्कार शाळेत घातलेले असतात, अंगाला ते आठवतात. पाचापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस करा. साठीनंतर ही उठ-बस आणि पुरेशी प्रथिनं मला वजनाच्या आकड्यापेक्षाही मोलाची वाटतात.

फक्त पोट कमी करणारा व्यायाम, पट्टा किंवा काढा आहे का?

नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यावरची चरबी ठरावीक जागेवरून काढता येत नाही. घाम आणणाऱ्या पट्ट्याने पाणी जातं. कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळत नाही, उलट मधाच्या मोठ्या चमच्यात ६० कॅलरी असतात. 'महिन्यात दहा किलो' अशा जाहिरातीतली नाव नसलेली चूर्णं आणि गोळ्या कृपा करून घेऊ नका.

मला थायरॉइड आहे, म्हणून वजन वाढलंय का?

थोडंफार. थायरॉइडची कमतरता असताना जे वजन वाढतं ते सहसा दोन ते चार किलोंच्या घरातलं, आणि त्यात बरंचसं मीठ-पाणी असतं. गोळी नियमित सुरू होऊन टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) जागेवर आला की त्याच्या पुढचं वजन थायरॉइडच्या माथी मारता येत नाही. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) वजन वाढायला सोपं आणि उतरायला अवघड असतं हे खरं, पण ५ ते १० टक्के घटीनेही अनेकींची पाळी सुधारते. पाळी जाण्याच्या सुमाराला चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. त्या वयात वजन तेच असूनही कंबर वाढली तर नवल नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांसारख्या औषधांनीही वजन वाढतं. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारा.

झोपेचा आणि वजनाचा काय संबंध?

जवळचा. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांची झोप सरासरी सव्वा तासाने वाढवली. आहाराबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटलं. चाकण किंवा हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीच्या मध्यावर घरचा डबा खावा, पहाटेचा वडा आणि गोड चहा टाळावा, आणि घरी आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपावं. रात्री साडेनऊला जेवून दहाला आडवं होणाऱ्यांनी जेवण आठपर्यंत आणता आलं तर बघावं.

पाच किलो उतरले आणि आता काटा अडून बसलाय.

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. अंग हलकं झालं की ते चालवायला कमी ऊर्जा लागते. पहिल्या महिन्यात जी तूट होती ती तिसऱ्या महिन्यात उरत नाही. त्यात भूकही वाढते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन घटवल्यावर वर्षभरानंतरही भूक वाढवणारी संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. तुमच्यात जिद्द कमी पडली असं समजू नका, शरीर जुनं वजन परत मागत असतं. अशा वेळी जेवण आणखी तोडू नका. आठवडाभर जे तोंडात जातं ते सगळं लिहून काढा. मुलाच्या ताटातला उरलेला घास, चव बघायला घेतलेलं, देवळातला पेढा. टेप लावा, कारण बरेचदा काटा थांबलेला असताना कंबर उतरत असते. काटा रोज पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मीठ, पाळी आणि बद्धकोष्ठ यांनी एक-दोन किलो इकडे-तिकडे होतातच.

वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं घ्यावीत का?

भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि लठ्ठपणासाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन जून २०२५ मध्ये आलं. आठवड्यातून एकदा टोचायची ही औषधं भूक शमवतात. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. ज्यांचा लठ्ठपणा मोठा आहे, सोबत मधुमेह किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे, त्यांच्यासाठी हा खरा उपचार आहे आणि तो घेण्यात कमीपणा नाही. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं दिसलंय. गरोदरपणात किंवा कुटुंबात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर ही घेता येत नाहीत. लग्नाआधी पाच किलो घालवायला, ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून टोचून घेणं धोक्याचं आहे.

घरात मला एकटीलाच वजन कमी करायचं आहे. सगळ्यांसाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं कसं करू?

वेगळं करू नका. चार जणांचा स्वयंपाक करून वर स्वतःसाठी दुधीचं सूप करणारी बाई पंधरा दिवसांत थकते, हे मी फार वेळा पाहिलंय. वर सांगितलेल्या कंबरेच्या आकड्यांकडे पाहिलं तर नवरा, सासरे, कॉलेजातला मुलगा यांच्यापैकी कुणालातरी याची गरज असतेच. सगळ्यांची कंबर एकदा मोजा. मग एकच भाजी कमी तेलात करा, कोशिंबीर मोठ्या वाडग्यात करा, फरसाणाचा डबा भरायचा थांबवा. दिवाळीचा फराळ करा, पण चार दिवसांपुरता करा. गणपतीत उकडीचे मोदक खा. वाढणाऱ्याने आग्रह करू नये आणि 'किती जाड झालीस' असं पाहुण्यांसमोर बोलू नये, एवढा नियम घरात सगळ्यांनी मिळून करावा.

मुलांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. वाढत्या वयातल्या मुलाला डाएटवर ठेवायचं नसतं. उंची वाढत असताना वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी पुष्कळदा पुरतं. बालरोगतज्ज्ञांकडून वाढीचा तक्ता भरून घ्या, जेवताना मोबाइल काढून घ्या आणि संध्याकाळी मैदानावर सोडा. दहावीच्या वर्षी खेळ बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावं?

कंबर वरच्या मर्यादेच्या पुढे असेल तर एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड म्हणजे रक्तातली चरबी आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या, वय तिशीत असलं तरी. घोरणं जोरात असेल आणि झोपेत श्वास अडतो असं जोडीदार सांगत असेल, मानेवर आणि काखेत काळपट मखमली चट्टे आले असतील, पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, थोड्या दिवसांत कारण नसताना वजन भराभर वाढलं किंवा उतरलं असेल, पायांवर सूज असेल, तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. लपून खूप खाणं आणि मग मुद्दाम उलटी करणं किंवा दिवसदिवस उपाशी राहणं असं घरातल्या कुणाचं चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात घ्या.